मागच्या रांगेचे अकरा सूर

...नाही, मला एवढंच सांगा, खोलीतून पियानो बाहेर काढताना त्या पियानोपाशी बत्तीस वर्षं बसलेल्या बाईला कुणी विचारायला नको का? बरं, विचारू नका, निदान सांगा. सांगूही नका, पण निदान ती खोलीत नसताना तरी काढा. मी तासावर होते हो. चाळीस मुलं तोंड उघडून 'आ' करतायत, आणि मागून चार माणसं आत येतात, म्हणतात, "बाई, जरा सरकता का?" मला वाटलं फरशी पुसायचीय. मी सरकले. आणि माझ्या डोळ्यांदेखत पियानो निघाला की दारातून बाहेर, आडवा, पाय वर... आणि चाळीस मुलं अजून 'आ'च करतायत, कारण मी 'थांबा' म्हटलेलं नाही.

गेले तशीच मुख्याध्यापकांकडे. आता आमचे हेडसर, तुम्हाला सांगते, मूळचे भूगोलाचे. त्यामुळे कुठली गोष्ट कुठे असावी याबद्दल त्यांची मतं फार ठाम. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काय?" म्हणायची सवय. तो प्रश्न नसतो बरं का, तो पूर्णविराम असतो. म्हणाले, "बाई, परीक्षेचे कागद ठेवायला जागा नाही, काय? संगीताला खोली कशाला लागते? आता सगळं संगणकावर असतं, काय? साइट आहे एक. फुकट आहे. ढोल, पियानो, व्हायोलिन, सगळं त्यात आहे. मुलांनी क्लिक केलं की गाणं तयार, काय?"

मी म्हटलं, "सर, गाणं गळ्यातून येतं. माऊसमधून येत नाही. मी त्या संगणकाच्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. आणि मी नाही म्हटलं म्हणजे नाही."

सोमवारी अकरा वाजता मी संगणकाच्या खोलीत होते.

काय करणार? वेळापत्रक लावून टाकलं होतं त्यांनी. आणि ते लावताना वर आणखी एक सांगून ठेवलं होतं, की यंदाच्या वार्षिक कार्यक्रमाला शाळेच्या कमिटीची मंडळी येणार, संगीत या विषयाचं काय चाललंय ते बघणार, आणि त्यांना बरं वाटलं नाही तर पुढच्या वर्षीपासून संगीताचा तास नाही. "मग तुम्ही ग्रंथालयात बसा, काय?" म्हणजे बघा, बत्तीस वर्षं मुलांना तोंड उघडायला शिकवलं, आणि आता बसा तिथे जिथे तोंड बंद ठेवायची पाटी लावलीय.

तर संगणकाची खोली. एकोणीस संगणक, चालणारे चौदा, मुलं चाळीस. सांभाळायला आमचे संगणकवाले सर. हे गृहस्थ दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलतात, आणि संगणकाला हात लावलेला त्यांना खपत नाही. मुलं आत शिरली की दारातच, "हळू... हळू... कशालाही हात लावू नका..." अहो, मग बघायला आणलंय का त्यांना? त्यांनी सगळ्यांसाठी मिळून एकच खातं उघडलं होतं. एक नाव, एक पासवर्ड, फळ्यावर लिहिलेला. का? तर चाळीस पासवर्ड लक्षात कोण ठेवणार.

आता हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्या साइटवर एकच गाणं अनेकांना एकाच वेळी उघडता येतं. स्क्रीनवर आडव्या पट्ट्या असतात. एका पट्टीवर ढोल, दुसरीवर पियानो, तिसरीवर तुमचा आवाज, अशी एकाखाली एक मांडत जायची, आणि बटण दाबलं की सगळं मिळून वाजतं. सोपं आहे. फक्त चाळीस जण एकाच खात्यातून एकाच गाण्यात शिरले, तर काय होईल याचा विचार कुणी केला नव्हता. या कोपऱ्यातला ढोल ठेवतोय, त्या कोपऱ्यातली तो पुसतेय. "माझा ढोल कुणी खाल्ला?" "बाई, हिनं माझं व्हायोलिन घालवलं." "बाई, मी नाही, ते आपोआप जातंय." कुणीतरी वेग वाढवायची पट्टी शोधून काढली आणि दोनशेवर नेऊन ठेवली. कुणालातरी ट्रकच्या भोंग्याचा आवाज सापडला, आणि तो मात्र कुणी पुसेना. हेडफोन होते सहा. म्हणजे आठ संगणकांवरून उघड्यावर, पळत्या वेगात, भोंगा. संगणकवाले सर भिंतीला पाठ लावून उभे, "हळू... हळू..." आणि मी खोलीच्या मध्यभागी. बत्तीस वर्षांत माझ्या तासाला एवढा आवाज कधी झाला नव्हता, आणि एवढ्या आवाजात एकाही मुलानं तोंड उघडलं नव्हतं.

मी जाहीर केलं. "बंद. सगळं बंद. पुढच्या वेळी आपण मैदानात बसून गाऊ. मी नाही म्हटलं म्हणजे नाही."

आणि रविवारी दुपारी मी घरी जेवणाच्या टेबलावर यांचा लॅपटॉप उघडून बसले. अहो, शत्रू कोण आहे ते बघायला नको? यांचा लॅपटॉप म्हणजे काय, हे पत्ते खेळतात त्यावर, एकटेच. निवृत्त झाल्यापासून तेवढंच. मी साइट उघडली, चौकोनांची जाळी आली, चौकोन दाबला की तिथे ढोल वाजतो. दाबले चार. वाजले. मी म्हटलं, हं, यात काय आहे? तेवढ्यात हे मागून आले. "सरक जरा," म्हणाले. बसले. एक चौकोन दाबला, दुसरा दाबला, मान डोलवायला लागले. चहा गार झाला. तुम्हाला सांगते, लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्या गाण्याला या माणसानं कधी तोंडभरून 'वा' म्हटलं नाही, आणि त्या चौकोनांना तासाभरात तीनदा 'वा' म्हटलं. स्वतःच्याच चौकोनांना.

त्यातच मला ते बटण दिसलं. म्हणजे दोन बटणं. एक, तुम्ही ठेका चुकलात तर तो आपोआप जागेवर आणून बसवणारं. दुसरं त्याहून भारी, तुम्ही सूर चुकलात तर तो ओढून बरोबर करणारं. तुम्ही कसंही गा, बेडकासारखे गा, बटण दाबलं की सुरेल. मी बघतच राहिले. म्हटलं, मग मी बत्तीस वर्षं काय करत होते? तोंडाला फेस येईपर्यंत "वर घे, अजून वर, खाली आलीस, ऐक आधी, ऐक" म्हणत होते ते कशासाठी? हे बटण आधी सांगितलं असतंत तर मीही पत्ते खेळले असते.

पुढच्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ही दोन बटणं दाबायची नाहीत. "चुकलात तर चुका. पुन्हा करा. पण यंत्राकडून दुरुस्त करून घ्यायचं नाही. मी नाही म्हटलं म्हणजे नाही." चार-चार मुलांचे गट पाडले, प्रत्येक गटाला वेगळं गाणं, वेगळा पासवर्ड, तो वहीत लिहायचा. संगणकवाल्या सरांना सांगितलं, "हळू म्हणायचं असेल तर बाहेर जाऊन म्हणा." आणि खरं सांगते, तिसऱ्या आठवड्यात पोरांनी जे केलं ना... एका गटानं जिन्यावरून उतरणाऱ्या चपलांचा ठेका धरला. एकानं खोलीतल्या छपाईयंत्राचा आवाज घेतला. ते यंत्र जरा लंगडं चालतं, सात मोजून थबकतं, पुन्हा सात. ते मुलाच्या कानानं पकडलं. सात मात्रा मी वर्गात शिकवायला गेले असते तर दोन महिने लागले असते, तरी अर्धे सहावर पडले असते. मी स्टाफरूममध्ये कुणाला बोलले नाही. शत्रूचं कौतुक लगेच करायचं नसतं.

आता खरी गोष्ट सांगते. म्यूटची.

म्यूट हे काही तिचं नाव नाही, वर्गानं पाडलेलं. त्या साइटवर प्रत्येक पट्टीच्या कडेला एक बटण असतं, दाबलं की पट्टी दिसते पण वाजत नाही. त्याला म्यूट म्हणतात. आणि ही मुलगी समूहगानात मागच्या रांगेत उभी राहते, ओठ हलवते, आवाज नाही. पोरांना पहिल्याच दिवशी सापडलं, की ही तीच. आठवीतली. वडील नळदुरुस्तीची कामं करतात. गट पाडले तरी एकटीच बसायची, कोपऱ्यातल्या संगणकावर, ज्याचं एक बटण निखळलेलं आहे म्हणून तिथे कुणी बसत नाही.

एकदा मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर दहा पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एकेकच छोटा ठिपका, मग दुसरीकडे एक, मग तिसरीकडे. जसे दाणे टाकलेत. मी म्हटलं, "हे काय?"

"मागची रांग आहे, बाई."

"म्हणजे?"

"मागच्या रांगेतली मुलं. जी ओठ हलवतात ती."

आणि मला हेडफोन दिला. तुम्हाला सांगते, तिनं काय केलं होतं. मागच्या रांगेतल्या दहा जणांना एकेकाला गाठलं होतं, मधल्या सुट्टीत, जिन्याखाली. आणि सांगितलं होतं, गाऊ नकोस. गाणं वगैरे काही नाही. फक्त तुला जो आवाज आपोआप निघतो ना, झोपेतून उठल्यावर निघतो तसा, तेवढा एकच काढ आणि धरून ठेव. दहा मुलं, दहा आवाज. कुणाचा खाली, कुणाचा वर, एका मुलाचा आवाज फुटतोय तर त्याचा मधेच उडी मारणारा. मग तिनं ते दहाही ऐकून ऐकून खालपासून वरपर्यंत लावले, आणि त्यांची चाल बांधली. म्हणजे एका मुलाला एकच सूर, जो त्याला येतो तो, आणि त्याची पाळी आली की तो. दहा बेसूर मुलं, आणि त्यांच्यातून एक चाल चाललीय, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेल्यासारखी...

मी हेडफोन काढला नाही. दोनदा ऐकली. त्यात एक मुलगा होता, त्याचा सूर ना धड सा, ना धड रे. मधलाच. आणि माझा हात, तुम्हाला खोटं नाही सांगत, माझा हात आपोआप माऊसकडे गेला. त्या बटणाकडे. ज्यावर मी बंदी घातली होती त्या. बत्तीस वर्षांची खोड. म्हटलं, "एवढा एक जरा वर घेतला तर..."

ती म्हणाली, "मग तो त्याचा राहणार नाही, बाई."

मी हात मागे घेतला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि यात तुझा कुठाय?"

"माझा नाही."

"का?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना, नुसते ओठ हलव म्हणून."

"मी? कधी?"

"तिसरीत असताना."

तिनं तक्रार म्हणून नाही सांगितलं. दार कुठाय विचारल्यावर दार दाखवावं तसं सांगितलं. आणि मला आठवत नव्हतं. तेच तर. मला हे वाक्य म्हटल्याचं आठवतच नव्हतं, कारण मी ते दरवर्षी म्हणते. कार्यक्रम जवळ आला, की मागच्या रांगेतून जाते, कान लावते, ज्याचा सूर लागत नाही त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, बाळा, तू नुसते ओठ हलव. प्रेमानं म्हणते बरं का. खांद्यावर हात ठेवून. माझ्या हिशोबानं ते प्रेम होतं. आणि ती पोर पाच वर्षं ओठ हलवत होती.

मी म्हटलं, "माझं चुकलं." वर्गात म्हटलं, हळू नाही म्हटलं. आजूबाजूच्या पोरांनी माना वळवल्या. बाईंचं चुकलं हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे त्यांना वाटलं छपाईयंत्र बिघडलं असेल. मी म्हटलं, "तुझा अकरावा सूर घे. मला ऐकायचाय."

तिनं एक नवी पट्टी उघडली. मग म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबाल?"

थांबले. स्वतःच्या तासाला वर्गाबाहेर, जिथे अभ्यास न केलेली मुलं उभी राहतात त्या जागी, मी उभी. वरून हेडसर आले. "बाई, इथे?" म्हटलं, "हो सर, इथे."

आत बोलावलं तिनं. तिचा सूर ऐकला. खालचा. खूप खालचा, आणि हलतच नव्हता. फ्रीज चालू असतो ना घरात, आपल्याला कळतही नाही चालू आहे, आणि बंद झाला की एकदम घर रिकामं वाटतं, तसा. चौदा सेकंद धरला होता तिनं, एका श्वासात. तिसरीच्या वर्गात मी याला बेसूर म्हटलं होतं, कारण बाकीच्या एकोणचाळीस जणांच्या खूप खाली होता, एवढंच. तिनं तो एकापुढे एक जोडत सगळ्या चालीच्या खाली अंथरला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वरचे दहाजण त्यावर उभे राहिले.

मला भरून आलं. भरून आल्यावर माणूस नको ते बोलतो. मी म्हटलं, "माझाही घेतेस का एक?" तिनं घेतला. मी लावला अगदी मनापासून. तिनं हेडफोनमध्ये ऐकला, डोकं जरा तिरकं करून, जसं मी करते तसं. म्हणाली, "बाई, हलतोय."

"हलतोय?"

"थोडा. आणि तसंही हे मागच्या रांगेचं आहे."

नाही घेतलं मला. सत्तावन्नाव्या वर्षी बत्तीस वर्षांची नोकरी पाठीशी असताना आठवीतल्या मुलीनं मला सुरावरून बाहेर काढलं. आणि बरोबर काढलं हो, मी नंतर ऐकला, हलतच होता.

मी ठरवलं, हेच कार्यक्रमात वाजवायचं. कमिटीसमोर.

हेडसरांना ऐकवलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, चष्मा काढला. "बाई, ही मुलं बेसूर आहेत, काय?"

म्हटलं, "हो."

"मग?"

"मग काही नाही."

"कमिटीची माणसं येणार आहेत. पालक येणार आहेत. ते सूर दुरुस्त करायचं बटण आहे ना त्यात? संगणकवाल्या सरांनी मला दाखवलंय. दाबा ते. दोन सेकंदांचं काम आहे, काय?"

"नाही दाबणार."

"बाई, तुमचा विषय राहतो की जातो यावर आहे हे. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

आता बघा. पियानोच्या वेळी मी नाही म्हटलं होतं, आणि गेले. साइटच्या वेळी नाही म्हटलं होतं, आणि उघडली. माझं 'नाही' किती टिकतं हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, हेडसरांना तर होतंच. ते घड्याळाकडे बघत होते, किती वेळात ऐकते म्हणून. मी म्हटलं, "सर, मी नाही म्हटलं म्हणजे नाही." आणि या वेळी माझं मलाच ऐकू आलं, की आवाज हलला नाही.

"मग लेखी द्या," म्हणाले.

दिलं. तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेननं. 'मी सदर बटण दाबणार नाही. कळावे.' खाली सही, तारीख. त्यांनी ते दोनदा वाचलं. एवढं छोटं पत्र त्यांच्या फाईलमध्ये आजवर गेलं नसेल.

"आणि लोकांनी बघायचं काय?" म्हणाले. "मुलं गाणार नाहीत, आवाज स्पीकरमधून येणार. स्टेजवर काय, स्पीकर बघायचा?"

हा मात्र मुद्दा होता. मी म्यूटला विचारलं. ती म्हणाली, "ज्याचा सूर येईल त्यानं हात वर करायचा." संपला प्रश्न. मला बत्तीस वर्षांत असं साधं उत्तर कधी सुचलं नाही, मी झगझगीत टोप्या शिवून घेतल्या असत्या.

कार्यक्रमाचा दिवस. पुढच्या रांगेनं स्वागतगीत म्हटलं, छान म्हटलं, टाळ्या पडल्या. कमिटीचे चौघे पहिल्या ओळीत, त्यातले एक गृहस्थ आल्यापासून हनुवटी छातीवर टेकवून विश्रांती घेत होते. मग ही अकरा आली. एका ओळीत उभी राहिली. तोंडं बंद. हात खाली. मी वाजवायचं बटण दाबलं.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. खालचा सूर सुरू झाला, लोकांना वाटलं स्पीकर घुमतोय. संगणकवाले सर तर धावलेच. मग दुसरा सूर आला आणि एक हात वर गेला. खाली आला. दुसरा हात. तिसरा. लोक हात बघायला लागले. तो आवाज फुटणारा मुलगा आला, त्याचा सूर मधेच उडाला, आणि त्याचा हातही त्याबरोबर उडाला, त्यावर हशा झाला. पण चेष्टेचा नाही, ओळखीचा. तो ना सा ना रे वाला आला, आणि चाल त्याच्यावर पाय ठेवून पुढे गेली, जिन्याला एक पायरी छोटी असावी तशी. आणि मला पहिल्यांदा कळलं, की ती पायरी नसती तर चाल वर चढलीच नसती.

एक मिनिट पन्नास सेकंद. संपलं. आणि शांत. टाळी नाही, काही नाही. संपलं की नाही ते लोकांना कळेना. आणि त्या शांततेत मागून, दारापाशी, हातात पान्हे भरलेली पिशवी घेऊन थेट कामावरून आलेला एक माणूस बोलला. म्यूटचे वडील. म्हणाले, "बाई, एक विचारू? आमची पोरगी पूर्ण वेळ हात वर करून होती. तिला काही विचारायचं होतं का?"

मी स्टेजच्या कडेवरून म्हटलं, "नाही हो. तिचा सूर पूर्ण वेळ चालू होता. तो खालचा, तो तिचा."

"तो घुमत होता तो?"

"तोच."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "मला वाटलं बिघाड आहे. म्हणून मी नीट ऐकलाच नाही. परत लावता का?"

हेडसर उठले. "वेळ नाही, काय? पुढचा कार्यक्रम आहे, काय?"

मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. परत लावलं. आणि दुसऱ्या वेळी, तुम्हाला सांगते, सगळं सभागृह तो खालचा सूर ऐकत होतं. वडील भिंतीला हात लावून उभे होते, पाणी कुठून वाहतंय ते बघायला ते कामावर लावत असतील तसा. म्यूटचा हात वर. दुखत असणार. तिनं डाव्या हातानं उजव्या कोपराला आधार दिला, पण खाली नाही आणला. पहिल्या ओळीतले हनुवटीवाले गृहस्थ जागे झाले आणि शेजारच्यांना विचारू लागले, की पहिल्या वेळी काय होतं.

टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या. मी काही मोजत नव्हते, माझा चष्मा ओला झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, बाई जिंकल्या. छे हो. खोली परत मिळाली नाही, तिथे कागदच आहेत. पियानो वरच्या जिन्यापाशी उभा आहे, मुलं जाता-येता एक पट्टी वाजवून जातात. माझं ते पत्र फाईलमध्ये आहे, निवृत्तीपर्यंत राहील. पण तास राहिला. कमिटीनं लिहून दिलं, संगीत चालू ठेवावे. आणि त्याखाली हेडसरांनी लिहिलं, 'सदर उपक्रम मुख्याध्यापकांच्या कल्पनेतून साकार झाला.' लिहू देत. त्यांच्या कल्पनेतून पियानो बाहेर गेला होता, तेवढं खरंच आहे.

मी एवढंच केलं, की समूहगानाच्या वहीत बत्तीस वर्षं जे खुणेचं टिंब काढत होते, ओठ हलवणाऱ्यांच्या नावापुढे, ते काढायचं बंद केलं. मागच्या रांगेला सांगितलं, गा. कसंही गा. आता समूहगान पूर्वीइतकं चांगलं होत नाही. मोठं होतं मात्र.

आणि एवढं सगळं करून मला वाटलं, चला, आता माणसं सुधारली, आता जरा बसू. तर काल पुढच्या रांगेतल्या एका मुलीची आई आली शाळेत. मुलीचा गळा इतका गोड, की पहिलीपासून प्रत्येक कार्यक्रमात मीच तिला मधोमध उभी करते. आईचा चेहरा पडलेला. इकडेतिकडे बघितलं, जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, रागावणार नसाल तर विचारते. आमचीला पण त्या गाण्यात घ्या ना. ती घरी फार रडते. तिला जरा बेसूर व्हायला शिकवता येईल का?"

काय सांगणार मी त्या माउलीला? म्हटलं, "बघते. सोमवारी पाठवा. पण वेळ लागेल हो, हे काही सगळ्यांना जमत नाही."